तळघरातला गोळा

सकाळी दहाच्या सुमाराला हुल्डा क्रल कोळशाची बादली घेऊन तळघरात उतरत होती. खालचा आवाज ऐकला आणि ती चौथ्या पायरीवरच थांबली. तिचा नवरा लिअँडर छिन्नी आणि हातोडा घेऊन पोकळ लोखंडी गोळ्याच्या सांध्यावर घाव घालत होता, आणि गोळा दाबलेल्या हवेने भरलेला होता.

हुल्डा बॉयलर बनवणाऱ्याची लेक. चेस्टरच्या नदीकाठी तिच्या बापाचा कारखाना होता, आणि त्या घरातल्या पोरांना बायबलच्या आधी एक नियम पाठ व्हायचा: दाब असलेल्या लोखंडाला हातोडा लावायचा नाही. आधी रिकामं करा, मग काय ठोकायचं ते ठोका. बापाच्या एका कारागिराने हा नियम एकदाच मोडला. हुल्डा तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या माणसाची टोपी पलीकडच्या गल्लीतल्या छपरावर सापडली. बाकीचं काय सापडलं ते घरात कधी कुणी बोललं नाही.

"लिअँडर, हातोडा खाली ठेव," ती म्हणाली.

"झालंच गं. इथून जरा फुसफुसत होता, बुजवला."

"भरलेला असताना?"

"रिकामा करून परत भरायला चार दिवस लागतात. माणसं दोन वाजता येणार. तूच सांग, काय करू?"

"दाबाचा काटा कितीवर आहे?"

"सातशे."

नेहमी तीनशेवर काम भागायचं. जास्त झालेला दाब आपोआप बाहेर पडावा म्हणून गोळ्याच्या डोक्यावर एक झडप होती. हुल्डाने तिकडे पाहिलं. झडप उचलली जाऊ नये म्हणून तिच्या दांड्याला हुल्डाचीच इस्त्री तारेने बांधली होती. दोन दिवस ती घरभर ती इस्त्री शोधत होती.

"मिसेस ओर्नडॉर्फ म्हणाल्या, चाक फिरलेलं तीनदा बघून झालं, आता काहीतरी तुटलेलं बघायचंय," लिअँडर सांगू लागला. "भावाच्या जहाजावरचा दोर आणतायत, मनगटाएवढा जाड. तीनशेवर तो कसला तुटतोय? आणि फुसफुस थांबली की नाही? ऐक."

तिने ऐकलं. खरंच थांबली होती. खरी भीती तिला तेव्हा वाटली. बाप म्हणायचा, गळकं लोखंड कुरकुर करतं, त्याला घाबरू नये. कुरकुरणारं अचानक गप्प झालं तर मात्र कोट उचलावा आणि चालू पडावं.

"मी आता थोडी हवा सोडते," ती खाली उतरत म्हणाली.

लिअँडरने तिचा दंड धरला. मारणारा माणूस नव्हता तो, मऊ हातांचा होता. पण त्याने तिला जिन्यावरून वर आणलं, तळघराला कुलूप लावलं आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली. "दोन वाजता उघडतो," तो म्हणाला. "उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

हा गोळा कशासाठी आहे ते अख्ख्या फिलाडेल्फियात दोघांनाच माहीत होतं. शहराला माहीत होतं ते वरच्या दिवाणखान्यातलं यंत्र. लिअँडर क्रल त्या यंत्रात पेलाभर पाणी ओतायचा, डोळे मिटून उभा राहायचा, आणि यंत्राचं चाक गरगरा फिरायचं. ना आग, ना धूर, ना कोळसा. पाण्यात झोपलेली शक्ती आपण जागी केली आहे, किटलीभर पाण्यावर जहाज लिव्हरपूलला जाऊन परत येईल, असं तो सांगायचा. मिसेस ओर्नडॉर्फसारखी मोठमोठी माणसं माना डोलवायची आणि भागीदार म्हणून पैसे ओतायची. शिकलेला माणूस एकदा फसायचं ठरवतो, तेव्हा अडाण्याच्याही पुढे जातो. प्रत्यक्षात यंत्राच्या पायातून एक पितळी नळी जमिनीखाली जात होती. तळघरातल्या गोळ्यात हाताच्या पंपाने ठासलेली हवा असायची, आणि लिअँडरने वरून जमिनीवर मारलेल्या काठीच्या ठोक्यावर खाली बसलेली बायको नळीची चावी फिरवायची. एक ठोका पडला की उघड, दोन पडले की आणखी, तीन पडले की बंद.

पहिली दोन वर्षं हुल्डाचाही विश्वास होता. मग एक दिवस लिअँडर तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. शक्ती खरी आहे, म्हणाला, फक्त अजून हाती लागत नाही. ती सापडेपर्यंत लोकांना हवेवर थोपवून धरू, सहा महिने, जास्तीत जास्त आठ. त्याला सहा वर्षं झाली. तिला त्याची लाज वाटायची आणि त्याच्यावर मायाही होती. ही दोन्ही एका मनात असली की माणूस गप्प बसतो.

साडेबाराला तिचा भाऊ केलब आला. रुंद काठाची हॅट, करडा कोट, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. बापाचा कारखाना आता तो चालवायचा. ही दोघं क्वेकर घरातली. त्या पंथात जज्ज असो की गाडीवान, सगळ्यांना 'तू'च म्हणायचं, शपथ घ्यायची नाही आणि खोटं बोलायचं नाही. म्हणूनच भागीदारांच्या अध्यक्षाने, म्हाताऱ्या जज्ज ट्रुइटने, केलबला मुद्दाम बोलावलं होतं. केलब पेनॉक 'खरं आहे' म्हणाला की चेस्टरमध्ये त्यावर कुणी दुसरा साक्षीदार मागत नसे.

तो स्वयंपाकघरात बसला. हुल्डा पाहुण्यांसाठी कालवांचा रस्सा ढवळत होती. दिवाणखान्यातून बोलण्याचा आवाज येत होता, कारण उतावळी मंडळी आधीच येऊन बसली होती.

"हुल्डा," केलबने विचारलं, "हे खरं आहे का?"

त्याने विचारलं ते अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असेल. पत्रे सांधणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, ठोकणाऱ्यांचे कान चाळिशीतच जातात. केलब आता पन्नाशीचा होता आणि त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. कानात कुजबुजायची सोयच नव्हती.

"तूच बघ," ती मोठ्याने म्हणाली.

तिच्या पंथाच्या हिशेबाने हे खोटंच होतं. केलबने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पाव तोडून खायला लागला.

"केलब, तू घरी जा ना," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "आज नको थांबूस."

"घरी? अगं, पंधरा मैल गाडी हाकत आलोय. काय झालंय?"

दारात लिअँडर उभा होता. "काय म्हणतेय माझी राणी?" तो हसत म्हणाला. "केलब, तुझ्यासाठी अगदी यंत्राला लागून खुर्ची ठेवलीय. तुझ्यासारख्या जाणकाराने जवळून बघायला हवं."

म्हणजे खालच्या गोळ्याच्या बरोबर वर. हुल्डाने हातातली पळी भांड्यात सोडून दिली.

दोन वाजता लिअँडरने तिला कुलूप उघडून दिलं. ती खाली गेली आणि आपल्या तिपाईवर बसली. वर तीसेक माणसांच्या बुटांचा आवाज, खुर्च्या सरकल्याचा आवाज. तळघरात कोळशाच्या खिडकीतून फेब्रुवारीचा करडा उजेड येत होता. गोळा तिच्यापासून दोन हातांवर होता, तिच्या छातीइतका उंच, मधोमध रिव्हेटांचा पट्टा. पट्ट्यावर आज सकाळच्या घावांचे चकाकते व्रण होते. काटा सातशेवर होता. आता हवा सोडली तर तिचा आवाज वर सगळ्यांना ऐकू गेला असता. तिच्या डोळ्यांसमोर ती छपरावरची टोपी आली.

वरून लिअँडरचा आवाज आला, खास ठेवणीतला. मग एक ठोका.

तिने चावी फिरवली. हवा नळीत घुसली, नळी गार पडून पांढरी व्हायला लागली. वर चाक फिरल्याची घरघर आणि टाळ्या. काटा उतरला, सहाशे पंच्याण्णव, सहाशे नव्वद. हुल्डाच्या जिवात जीव आला. असाच उतरत राहू दे, ती मनात म्हणाली. त्या यंत्राला काय वाटेल ते तोडू दे, पण काटा खाली येऊ दे.

तीन ठोके. बंद. आता दोर बांधत असणार. खुर्च्या सरकत होत्या, मिसेस ओर्नडॉर्फचं हसू ऐकू येत होतं. काटा सहाशे ऐंशीवर थांबला.

आणि गोळा बोलला. टक्.

एवढासा आवाज, बोटाच्या नखाने ताटली वाजवावी तसा. पुन्हा टक्. चकाकत्या व्रणांमधून केसाएवढी एक रेघ निघाली होती आणि ती एका रिव्हेटकडून दुसऱ्याकडे सरकली होती. सकाळी लिअँडरने गळतीचं तोंड बुजवलं होतं. लोखंडाने आता दुसरीकडून वाट काढायला घेतली होती.

तिला काय करावंसं वाटलं ते तिने पुढे कुणापासून लपवलं नाही. तिला पळावंसं वाटलं. कोळशाच्या खिडकीतून एक बाई आरामात अंगणात बाहेर पडली असती. ती तिपाईवरून उठली आणि खिडकीकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग तिला वर केलबच्या बुटांचा आवाज आला, जड, नाल मारलेल्या बुटांचा. तो खुर्ची यंत्राच्या आणखी जवळ ओढत होता. ऐकू येत नाही म्हणून जवळ बसत होता बिचारा. ज्याला त्या टक्चा अर्थ कळला असता असा तो वरच्या खोलीत एकटाच होता, आणि नेमका त्यालाच तो ऐकू येणार नव्हता.

वरून दोन ठोके पडले. आणखी.

ती मागे फिरली. गोळ्याच्या तळाशी रिकामं करायची मोठी तोटी होती, सहा वर्षांत कधी पूर्ण न उघडलेली. तिच्यापर्यंत पोचायला त्या रेघेसमोर गुडघे टेकावे लागत होते. हुल्डाने गुडघे टेकले. तोटी हलेना. वर पुन्हा दोन ठोके, जरा चिडलेले. तिने झग्याचा घोळ हाताला गुंडाळला आणि सगळा भार टाकला. ओठांतून प्रार्थना निघत होती की शिव्या, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तोटी सुटली.

मग जो आवाज झाला त्याला आवाज म्हणणं कमीच. तळघरातला सगळा कोळशाचा भुगा उठला, खिडकीची काच गेली, तिपाई भिंतीवर आपटली. वरच्या जमिनीच्या फळ्या थरथरल्या आणि बायका किंचाळल्या. हुल्डा जमिनीला घट्ट चिकटून पडली होती आणि वाट बघत होती. आता फुटेल. आता. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू गर्जनेची फुसफुस झाली आणि फुसफुसही संपली. तिने मान उचलली. तोटीवर बर्फ साचलं होतं, काटा शून्यावर होता, आणि ती जिवंत होती.

दार उघडलं. पहिला लिअँडर, चेहरा पिठासारखा. त्याच्यामागे जज्ज ट्रुइट, मिसेस ओर्नडॉर्फ, केलब, आणि जिन्यावर मावतील तेवढी माणसं.

लिअँडरने आधी गोळ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग मागच्या गर्दीकडे. तो मागे वळला आणि हात पसरून म्हणाला, "मंडळी, घाबरू नका. शक्ती अनावर झाली होती. आता शांत आहे."

हुल्डा उठून उभी राहिली. चेहरा कोळशाने काळा, टोपी गळ्यात लोंबत होती.

"शक्तीबिक्ती काही नाही," ती म्हणाली. "ही हवा होती. आम्ही दोघं पंपाने भरतो, तो बघ पंप. चाक याच्यावरच फिरतं, ट्रुइट. तुला सहा वर्षं फसवलंय आम्ही."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता छप्पर कोसळेल. आता लिअँडरला बेड्या पडतील.

"बाई, तुम्ही फार घाबरला आहात," जज्ज मायेने म्हणाले. "बसा जरा."

"घाबरलेच आहे. पण हवाच होती."

"हवा तर होतीच," लिअँडर मध्येच म्हणाला. पोहणाऱ्याच्या पायांसारखी त्याची जीभ आपोआप चालायची. "पाण्यातली शक्ती हवेवर स्वार होऊनच येते. सहा वर्षं मी दुसरं काय सांगतोय? हा गोळा म्हणजे तिचं कोठार. बायकोला जेवढं दिसतं तेवढं ती प्रामाणिकपणे सांगतेय."

माना डोलल्या. हुल्डाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिने केलबचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या कानात सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. हवा, पंप, काठी, इस्त्री, सकाळचा हातोडा. तिसांच्या तिसांनी ते दुसऱ्यांदा ऐकलं. तो गोळ्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि पट्ट्यावरून बोट फिरवू लागला. रेघेपाशी त्याचं बोट थांबलं. नख आत गेलं. केलबच्या मानेवर घाम आलेला हुल्डाला दिसला.

"काय म्हणता, पेनॉक?" जज्जांनी त्याच्या कानाशी विचारलं. "तुमच्या शब्दावर आमचा भरवसा आहे."

"माझी बहीण सांगते ते खरं आहे," केलब म्हणाला. "आणि हे लोखंड आरपार तडकलंय. तिने तोटी उघडली नसती तर वरच्या खोलीतला एकही माणूस घरी गेला नसता."

कुणीतरी हॅट काढली.

"लोखंड किती जाड आहे हे?" जज्जांनी विचारलं.

"तीन बोटं."

"तीन बोटं जाड लोखंड तडकलं," जज्ज हळूच म्हणाले.

"पेलाभर पाण्याने," मिसेस ओर्नडॉर्फ म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

टाळ्या आधी जिन्यावर सुरू झाल्या. मग सगळीकडे. माणसं लिअँडरचे हात हातात घेत होती. दोर तुटला असता तर एवढं झालं नसतं. हसावं की रडावं ते हुल्डाला कळेना, आणि तिला दोन्हीही आलं नाही. तिला गार वाटत होतं. गोळ्याला नियम होता, तो ओळखता येत होता. या माणसांना काय सांगितलं असतं म्हणजे ती थांबली असती?

तिथल्या तिथे ठरलं. पंधरा मार्चला शहरातलं मोठं नाट्यगृह घ्यायचं, आठशे खुर्च्या. यंत्र रंगमंचावर, कोठार रंगमंचाच्या खाली. नवा गोळा, जाड.

"तुम्हीच बनवा, पेनॉक," जज्ज म्हणाले.

"मी या खोट्याला हात लावणार नाही."

"मर्जी तुमची. कॅम्डनला एक जण आहे, तो निम्म्या वेळात करून देतो."

मंडळी रस्सा प्यायला वर गेली. जाता जाता लिअँडरने बायकोला मिठी मारली. तो खरोखर रडत होता. "तू वाचवलंस," तो तिच्या केसांत म्हणाला. "मला हे सुचलंच नसतं." मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला काय दिसलं कोण जाणे, तो जरा मागे सरला. "तुला नको असेल तर नाट्यगृहात खाली दुसरं कुणी बसेल. डिनीला दाखवून ठेवतो."

डिनी ओर्नडॉर्फबाईंचा गाडीवान. त्याला लगेच खाली बोलावलं. त्याने चावी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिली. "हात्तिच्या, नळासारखंच की," तो म्हणाला, आणि रश्श्याच्या वासाने वर पळाला. लिअँडरही त्याच्यामागे गेला.

बहीण-भाऊ दोघंच उरले.

"चल घरी," केलब म्हणाला. "आत्ता, अशीच. मी वर्तमानपत्रात सांगतो."

"गेल्या वर्षी दोन वर्तमानपत्रांनी हे थोतांड आहे असं लिहिलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "त्यानंतर भागीदार दुप्पट झाले. मी आले तर खाली डिनी बसेल. त्याला टक् म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणि वर आठशे माणसं."

"म्हणून तू बसणार?"

तिने होकारार्थी मान हलवली.

केलब बराच वेळ उभा राहिला. प्रार्थनासभेत बसतात तसा, हात समोर धरून, नजर जमिनीवर. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नव्हता. बाजारातल्या माणसाने उगीच 'बरं आहे का' विचारलं तरी हा विचार करून उत्तर द्यायचा. मग त्याने खिशातून मापाची फीत काढली.

"कॅम्डनचा माणूस रिव्हेटांची भोकं ठोकून पाडतो," तो कुणाशीच न बोलल्यासारखा म्हणाला. "कडा तिथेच तडकतात. मी नीट कोरून पाडीन."

"नको, केलब," हुल्डा म्हणाली. "तू तरी नको." पण ती हे हळू म्हणाली, आणि त्याला ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हणायचं तिला धाडस झालं नाही, कारण केलबच्या हातच्या लोखंडाशेजारी बसायला मिळेल या विचाराने तिच्या छातीवरचा दगड थोडा हलला होता. स्वतःचीच तिला किळस आली.

त्याने फितीचं एक टोक पुढे केलं. तिने ते गोळ्याच्या पोटाशी दाबून धरलं, आणि तो दुसरं टोक घेऊन सावकाश पलीकडे गेला. वरच्या खोलीत कुणीतरी लिअँडर क्रलच्या आयुष्याला शुभेच्छा देत होतं.

"चार बोटं जाडी धरतो," केलब पलीकडून म्हणाला.

"पाच धर," ती ओरडली. "तो हजारापर्यंत भरेल."